अंगठा

"...मग अंगठे कशाला दिले, गुरुजी, सगळ्यांनी?"

मृणालबाई ओट्यावर नीट टेकल्याही नव्हत्या. गावच्या शाळेत त्या चौथीला शिकवत, आणि एके काळी याच गुरुजींनी त्यांना चौथीत शिकवलं होतं. गुरुजी तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी सूप जरा पुढे सरकवलं. म्हणजे, बस आणि सोल.

बाईंनी सगळं घडाघडा सांगितलं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच हट्टानं काढला होता. हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ स्वतः केला, आवाज नीट यावा म्हणून परसातल्या कोंबड्या हुसकावल्या, आणि खाली लिहिलं, समजलं का? घराघरांतून अंगठ्यांचा पाऊस पडला. बाई हुरळून गेल्या. आज वर्गात तशाच वजाबाक्या घातल्या, तर सगळ्यांची बोंब. आणि उद्या पालकसभा. पोरांच्या हाती मोबाईल देऊन काय मिळवलं, असं पालक म्हणणार, आणि ग्रुप बंद पडणार.

"व्हिडिओत काही कमी नाही," बाई म्हणाल्या. "पोरंच लबाड."

"दाखव बरं."

गुरुजींनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"समजलं?" बाईंनी सवयीनं विचारलं.

गुरुजींनी अंगठा वर केला.

"काय समजलं?"

पुन्हा अंगठा.

"थट्टा नको, गुरुजी. सांगा ना, काय..."

अंगठाच. चेहरा मात्र चौथीतल्या पोरासारखा भाबडा.

बाईंनी मोबाईल परत घेतला.

गुरुजींनी नवी शेंग उचलली. "साक्षरता वर्गात आख्ख्या गावाचा अंगठा सोडवला मी. तुझी आजी सही करायला लागली. आणि तू पोरांकडून परत अंगठे घेतेस?"

बाईंना हसू आलं, आणि लागलंही. सही करताना आजीची जीभ दातांत यायची, ते आठवलं.

"मग ग्रुप बंदच करू?"

"बंद कर म्हणालो का मी? समजलं का, असं विचारलंस. आता दुसरं काही विचार."

बाईंचं बोट पडद्यावर बराच वेळ अडखळलं. ग्रुपवर पालकही होते, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर येणार होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, आज अंगठा नको. काय समजलं नाही, तेवढं लिहा.

मोबाईल गप्प... सुपात दाणे साठत गेले. उद्याच्या सभेतले चेहरे बाईंना आत्ताच दिसू लागले.

मग टुण्ण वाजलं. कांचनचा निरोप होता, तिच्या बापाच्या मोबाईलवरून.

"बाई, मधात शून्य असलं तर हातचा कोणाले मागायचा?"

खाली लगेच दुसऱ्याचं, मले पण हेच. मग तिसऱ्याचं.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या व्हिडिओत शून्य कुठेच नव्हतं. त्या घाईघाईनं उत्तर लिहू लागल्या, तर गुरुजींनी तुरीनं हिरवा झालेला हात पडद्यावर ठेवला.

"थांब."

"कोणी चुकीचं सांगेल, गुरुजी."

"थांब ना..."

टुण्ण. ही पंक्चरवाल्याची सरिता. वर्गात जिचं तोंड उघडत नसे, ती.

"शून्यापाशी काहीच नसते. त्याच्या शेजारच्याले माग. तो शून्याले देते, मंग शून्य तुले देते."

बाईंनी ते दोनदा वाचलं. इतकं सोपं त्यांना स्वतःला सुचलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना राग आला नाही.

थोड्या वेळानं कांचननं पाटीचा फोटो टाकला. पाचशेतून दोनशे सदुसष्ट वजा, उत्तर बरोबर. खाली तिच्या बापानं लिहिलं होतं, आमालेबी आत्ता समजलं.

बाई मनापासून हसल्या. उद्याच्या सभेची धास्ती कुठच्या कुठे गेली. त्यांनी बोट पडद्यावर नेलं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. लिहायचं काही उरलंच नव्हतं.

"आता यात मी काय करू, गुरुजी?"

गुरुजींनी मूठभर कोवळे दाणे त्यांच्या दुसऱ्या हातावर ठेवले.

"आता तू अंगठा दे."