हुरूपरावांची खुर्ची

पाखरांची बोली माझ्याइतकी पंचक्रोशीत कुणाला कळत नाही. माणसांच्या मराठीत मी चौथीला तीनदा नापास झालो, ते सोडा.

तर बाभळीला काटे फुटायच्या आधीची गोष्ट. सुगरण पक्ष्यांत घर विणतो तो गडी, आणि मादीला घर पसंत पडलं तरच लग्न. विहिरीवरच्या फांदीला पिराजी आणि म्हादबा असे दोन गडी विणत होते. पिराजी अर्ध्यावर थांबला. म्हणाला, "हुरूप आला की विणीन." हुरूपानं येऊन बसावं म्हणून त्यानं गवताची खुर्ची विणली. मग उशी. मग पाय ठेवायला पाट. शेजारचा म्हादबा मात्र दर पात्याला जांभई देत, "नुसता वैताग आहे," म्हणत पातं खोवतच होता.

हंगामातली शेवटची सुगरण आली. तिनं म्हादबाचं घरटं ओढून पाहिलं, एक पातं सुटलं नाही. मग ती पिराजीकडं वळली.

"अहो, छप्पर कुठाय? आणि ही खुर्ची कुणाची?"

"हुरूपरावांची. ते आले की एका दिवसात घर उभं करतो बघा! तेवढं थांबा."

"बरं," म्हादबाच्या दारात शिरता शिरता सुगरण म्हणाली, "मग अंडीही त्यांनाच घालायला सांगा."