भोयाचं 'हूं'

घाटाखालच्या एका गावात फार पूर्वी दोन भोई डोली वाहायचे. पुढचा तरणाबांड. तो चालतोय की पळतोय हेच कळायचं नाही, म्हणून लोक त्याला झपाट्या म्हणत. मागचा वयस्कर, पाऊल जपून टाकणारा. तो निवांतबुवा.

डोलीमुळे मागच्याला वाट दिसत नाही. म्हणून भोयांची रीत अशी, की पुढच्यानं "दगड" म्हणावं, मागच्यानं "हूं" म्हणावं, आणि हूं ऐकल्यावरच पुढचं पाऊल टाकावं. झपाट्याला या हूंचा भारी कंटाळा. "बुवा, तुमचं हूं येईस्तोवर माझी दाढी वाढते!"

एके सकाळी झपाट्याच्याच बायकोला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण बिचारी! सुईण घाटावर राहायची आणि तिला आता घाट उतरवत नव्हता. झपाट्यानं बुवांना हाक मारली. बायकोला डोलीत बसवून तो जो सुटला! "दगड! खाच! दगड!" हूं ऐकतोय कोण? मागे बुवांचा पाय खाचेत गेला, डोली दरीकडे कलंडली, आतून बायको किंचाळली. बुवांनी गुडघा टेकून दांडा कसाबसा खांद्यावर तोलला, म्हणून वाचले सगळे.

झपाट्यानं मान वळवून मागे पाहिलं.

"मला काय पोरीची काळजी नाही?" गुडघ्याचं रक्त पुसत बुवा म्हणाले. "पण माझे डोळे तुझ्या तोंडात आहेत, लेका. मला जरा वेळ दे."

"दगड," झपाट्या म्हणाला आणि थांबला.

"हूं."

असा सगळा घाट चढले. वर सपाट माळ लागला, तरी झपाट्या आपला बुवांच्याच चालीनं चाललेला. तसे बुवा मागून खेकसले, "अरे, इथं कशाला रेंगाळतोस? पळ की!" आणि धोतर सावरत, धापा टाकत म्हातारा खरंच पळाला.

सुईणीनं पोरीला आत घेतलं आणि हसून म्हणाली, "वेळेत आलात. पण बाळाला काही घाई दिसत नाही. बसा आता."

झपाट्यानं अंगणात शंभर येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी बुवांशेजारी बसला. दुपार कलली. आणि आतून आलं, "ट्यँहां!"

घाटभर बुवांचं ऐकून ऐकून झपाट्याच्याच तोंडून निघून गेलं, "हूं!"

बुवा इतके हसले की गुडघ्याचं दुखणं विसरले. झपाट्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो हसता हसता रडायलाच लागला.

तात्पर्य काय, तर दोघांनी मिळून ओझं उचललं की चाल एकट्याची राहत नाही. कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं, हे सोबत्याला विचारून ठरवावं.