ओढा-उडी मंडळ आणि सशाचा पाय

“मंडळ? कसलं मंडळ? आम्ही आपले सहज जमतो!” हुप्प्या वानर ओरडला. जनावरांनाही हौशी मंडळं काढायची खोड होती, तेव्हाची ही गोष्ट. कालपर्यंत हाच हुप्प्या ओढा-उडी मंडळाचा अध्यक्ष म्हणून उंच दगडावर बसायचा आणि “या की, भिता काय?” म्हणत वाटेवरच्यांना बोलवायचा. आज त्याच्याच बोलावण्यावरून पाहुण्या सशानं उडी मारली, तो शेवाळावर घसरला आणि त्याचा पाय मोडला. आता महिनाभर त्याला चारा कोण आणणार, यावरून जुंपली होती.

“उडी त्यानं त्याच्या मर्जीनं मारली,” बोकड दाढी हलवत म्हणाला. “दगड ओढ्याचा, शेवाळ पाण्याचं, पाय सशाचा. यात आमचं काय?” वा रे न्याय!

म्हातारी घोरपड पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “प्रत्येकानं मूठमूठ चारा ढोलीत ठेवा रे, कोणी पडलंच तर कामी येईल.” तेव्हा “शुभ कामात अभद्र बोलू नकोस” म्हणून सगळ्यांनी तिला गप्प केलं आणि नारळ फोडला. नारळानं मोडका पाय सांधला जात नाही, हे त्या विद्वानांना कोण सांगणार?

आज मात्र ऊन कलायच्या आत ढोली भरली. घोरपड शांतपणे एवढंच म्हणाली होती, “मंडळ नाही तर नाही, बाबांनो, उद्याही खुशाल उड्या मारा, फक्त ज्याचा पाय मोडेल त्यानं ध्यानात ठेवावं, की बाकीचे आम्ही सगळे इथून नुसते चाललो होतो.”