झाडून काढलेली वाट

नदीकाठच्या एका रानात, करवंदीच्या दाट जाळीत, एक सशीण आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. त्याच रानात एक कोल्हा होता, आणि बाळांनो, गंमत अशी की तो कधी कुणाच्या मागे धावत नसे! सगळी जनावरे नदीच्या वाळूतून पाणी प्यायला जात. कोल्हा रोज सकाळी तिथे नाक खाली घालून फिरे आणि पावले वाची. कोण आले, कुठून आले, कोणत्या झुडपापाशी थबकले. मग ज्याला जे आवडे, नेमके तेच त्याच्या वाटेवर ठेवून देई. मुंगसाला अंडे, उंदराला बोर. आज इथे, उद्या दोन पावले पुढे, आणि शेवटचा घास कोल्ह्याच्या पंजाखाली!

एके दिवशी सशिणीला वाटेत कोवळ्या दूर्वांची जुडी दिसली. "अगं बाई! माझ्या मनातले कुणाला कसे कळले?" असे म्हणून ती आनंदाने उडी मारणार, तोच तिला शेजारच्या उंदराची आठवण झाली. तो असाच बोरे वेचत गेला होता आणि परत आला नव्हता. सशीण जागच्या जागी थिजली. पण ती होती मोठी हुशार. तिने तरवडाच्या झुडपाची एक फांदी तोडली, शेपटीला बांधली आणि त्या दिवसापासून आपली पावले झाडत झाडतच ती पाण्याला जाऊ लागली. मागे वळून बघावे तर वाळू कशी लख्ख! "आता शोध म्हणावे मला!" असे म्हणत तिने जाळीत शिरून पिल्लांभोवती तीन गिरक्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय, जाळीच्या अगदी तोंडाशी दूर्वांची जुडी! आणि धाकटे पिल्लू नाक हलवत त्या जुडीकडे निघालेले! सशिणीने झडप घालून त्याला आत ओढले. काट्यांच्या पलीकडे कोल्हा बसून हसत होता.

"सशीणबाई, इतरांची पावले एकमेकांत मिसळतात हो. वाचता वाचता माझे डोळे दुखतात," तो म्हणाला. "तुमची वाट मात्र सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ! या रानात झाडून चालणारे दुसरे आहे कोण? मी झाडलेल्या वाळूमागून सरळ चालत आलो. काट्यांत मला शिरता येत नाही, पण पिल्ले काय, भूक लागली की येतीलच बाहेर."

कोल्हा पाणी प्यायला वळला, तशी सशिणीने पिल्लांना घेऊन पलीकडच्या जाळीत धूम ठोकली. पण बिऱ्हाड हलवून तहान थोडीच सुटते! पाण्याला जावे तरी पंचाईत. पावले ठेवावीत तर ती ओळखू येणार, झाडावीत तर झाडलेली वाट ओळखू येणार. विचार करता करता तिचे कान एकदम ताठ झाले. "सुचले! सुचले!" म्हणत ती सुटली ती घरोघर. मुंगूस तयार झाले, घोरपड तयार झाली, हरणे तर नाचतच तयार झाली. अडून बसले ते एकटे म्हातारे साळिंदर.

"मी कशाला झाडू? माझी पावले कुणीही खुशाल बघावीत," ते बिळातून गुरगुरले. "मला कुणाची भीती नाही आणि माझ्यापाशी लपवण्यासारखे काही नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आले, आजोबा!" सशीण म्हणाली. "ज्यांना भीती आहे तेवढेच झाडू लागले, तर कोल्हा भित्र्यांचीच घरे शोधील. तुम्हीही झाडलेत, तर झाडलेली वाट कुणाची, हे त्याला कळेल कसे?"

साळिंदराने बराच वेळ डोके खाजवले. मग म्हणाले, "आण ती फांदी इकडे. माझ्या शेपटीला नीट बांध मात्र, काटे सांभाळून."

दुसऱ्या दिवशी कोल्हा वाळूवर आला आणि बघतच राहिला. जिकडे तिकडे झाडलेल्या वाटा! एक डोंगराकडे, एक ओढ्याकडे, एक गोल फिरून पुन्हा पाण्याकडे! पाऊल म्हणून एक दिसेना. बिचारा सकाळभर या वाटेवरून त्या वाटेवर पळत राहिला. अखेर एका वाटेच्या टोकाला त्याला मोठे थोरले बीळ दिसले. "बाहेर एकही काटा नाही! या वेळी चुकली सशीण!" असे म्हणून दूर्वांची जुडी तोंडात धरून त्याने मुंडके आत खुपसले.

काटे आत होते, बाळांनो! असा काही केकाटत तो बाहेर आला की पलीकडच्या तीरावरचे बगळे उडाले. नाकात सात आणि ओठात चार काटे घेऊन तो जो पळाला, तो पुन्हा त्या वाळूकडे फिरकला नाही. दारात पडलेल्या दूर्वा साळिंदराने सशिणीच्या पिल्लांना नेऊन दिल्या. आणि खरे सांगायचे, तर त्यानंतरही म्हातारबुवा रोज फांदी बांधूनच पाण्याला जात, अगदी ऐटीत.

तात्पर्य : एकट्याने पुसलेली खूण हीच नवी खूण होते; ज्याला भीती नाही, त्यानेही पुसली, तरच भिणाऱ्याचे घर सुरक्षित राहते.