शाळेच्या वाटेवरचा धुळासुर

एका राज्यात शाळेच्या वाटेवर धुळासुर राहत असे. पायी जाणाऱ्या पोराला तो नुसता शिवे, की त्या पोराचा दगड होई. राजा मोहिमेवर असताना धाकटा राजकुमार कुवलयही चौकात असाच दगड झाला. अमावास्येपर्यंत शाप उतरला नाही, तर तो कायमचा दगड राहणार होता.

राणी सुवर्णलेखेचा संशय मांत्रिक विरूपाक्षावर होता. असुराच्या भयाने घरोघरची पोरं त्याच्याच बिनघोड्यांच्या रथांतून शाळेत जात होती. ज्याचे रथ खपतात, त्याला असुर नकोसा का वाटेल?

“रथ मी घडवले, असुर नाही,” मांत्रिक म्हणाला.

राणीला ते पटले नाही, पण पुरावा नव्हता. मग तिने शाळेच्या गुरुजींवरही पहारा बसवला, कोतवालाच्या मागेही हेर लावले. हाती काही लागेना. अखेर एकदा ती रथातून शाळेच्या वाटेने जात असता वाटेच्या कडेची टिटवी बोलली,

“तीन कामं कर. रथातून उतर. कडेकडेने चौकापर्यंत पायी जा. तिथे थांब, दोन्ही बाजूंना पाहा, मगच वाट ओलांड. चोर दिसेल.”

‘ही तर मांत्रिकाला सामील नसेल?’ राणीच्या मनात आले. पण लेकरासाठी ती उतरली.

चौकात ती थांबली. उजवीकडून रथ, डावीकडून रथ. एकेका रथात एकेक पोर. चाकांखालून धूळ उठली, तिला हातपाय फुटले, डोळे फुटले. तेवढ्यात राणीचा रिकामा रथ मागून धडधडत आला आणि त्याच्या धुळीतून असुराचे तोंड उमटले.

आता राणीला उमगले. असुराच्या भीतीने रथ, आणि रथांमुळेच असुर!

ती वाटेच्या मधोमध हात वर करून उभी राहिली.

“थांबा! पोरांना उतरवा!”

“राणीसाहेब, असुर समोर आहे!” एक बाप ओरडला.

“तो आपणच उठवलाय. माझा रथ आधी थांबवा.”

चाके थांबली. धूळ खाली बसली. असुर उरलाच नाही. वाटेवरच्या दगडांची पुन्हा पोरं झाली. चौकातल्या दगडाच्या जागी कुवलय डोळे चोळत होता.

“आई, तू चालत आलीस?”

राणीला रडू आवरेना.

तेव्हापासून शाळेच्या वेळी त्या वाटेवर रथांना बंदी झाली. लहानगी हात धरून कडेने जाऊ लागली, मोठी दोन चाकांच्या लाकडी घोड्यांवर घंटी वाजवत. जशी कुवलयाची वाट मोकळी झाली, तशी तुमच्याआमच्या लेकरांची होवो.