येसू घाडीण आणि राईतला आंबा

फार फार वर्षांपूर्वी, कोंडवळ गावाला अजून रस्ता नव्हता तेव्हा, तिथं येसू घाडीण राहत होती. शेंदऱ्या, खोबऱ्या, केळ्या, कुठलाही रायवळ आंबा असो, ती त्याचं पान चुरडून हुंगायची आणि त्या झाडाची आई कोण, आजी कोण, ती कुणाच्या परसात उभी आहे, सगळं सांगायची. ती कधी चुकली नाही, असं म्हणतात.

एका वैशाखात विसाजी खोतांच्या कुंपणाशी कुणीही न लावलेलं झाड फळलं. फळं लालभडक, वास गोड. चौघांनी खाल्ली. चौघंही उघड्या डोळ्यांनी निजले. श्वास चालू, पण अंग थंडगार, हाक ऐकू जाईना. त्यांत येसूची लेक मंजुळा होती.

वैद्य म्हणाला, "या झाडाच्या आईची साल उगाळून पाजली तरच विष उतरेल. तेही आज दिवस मावळायच्या आत."

येसूने पान हुंगलं आणि झटकन टाकून दिलं. "हेची आवस, हेची आई, राईत आसा," ती म्हणाली.

गावामागच्या राईत कुणी पाऊल टाकत नसे. आत गेलेलं माणूस परतलं नव्हतं. लोकांनी दारं लावून घेतली. येसू भर दुपारी एकटीच निघाली. राईत पाखरूसुद्धा बोलत नव्हतं, असं म्हणतात. मधोमध तो आंबा उभा होता, चिकाने काळा पडलेला. तिने कोयती उचलली तसा तो बाईच्या आवाजात बोलला, "सगळ्यांची आई सांगतेस. माझी सांग. चुकलीस तर इथंच राहशील."

येसूने त्याचं पान चुरडलं. असा वास तिने जन्मात घेतला नव्हता. कुठलंही नाव ठोकून द्यावं असं मनात आलं, पण घशातून खोटं निघेना.

"माका ठावक नाय," ती रडत म्हणाली. "तुका आवस नाय तर माझा नाव घे. माझी हो."

मग खोडाची साल आपोआप सुटली आणि तिच्या पायाशी पडली.

ती उगाळून पाजली आणि दिवस मावळायच्या आत चौघं उठले. मंजुळाने पाणी मागितलं. पण येसूला पुन्हा कधी कसलाच वास आला नाही. आणि दुपारच्या वेळी राईकडून "गे आये" अशी हाक यायची. ती येसूलाच ऐकू यायची, असं म्हणतात. मंजुळा तिचा पदर धरून ठेवायची. एका दुपारी पदर हातातून सुटला. येसू गेली ती परतली नाही.

आजही कोंडवळात आंब्याची कोय लावताना त्या कोयीच्या आईचं नाव मोठ्यानं घेतात. आई ठाऊक नसेल तर "येसूची" म्हणतात. निनावी कोय मातीत घालायची कुणाची छाती होत नाही.