शेवटची गाठ

शिरोण्याच्या खाडीच्या तोंडाशी, उंडीच्या झाडाखाली, गावाची होडी असते. कुणा एकाची नव्हे, गावातल्या होडी मंडळाची. आठ वल्ह्यांची, लांबट, आणि डाव्या अंगाला तोल सांभाळणारे लाकूड, म्हणजे उलांडी. होडीवरून आडव्या गेलेल्या दोन दांड्यांना ती जिथे बांधतात, तिथली दोरी पाहून पाहुण्यांना हसू येते. काथ्याचे, सुताचे, नायलॉनचे शंभर तुकडे एकमेकांना जोडलेले. एवढ्या मोठ्या मंडळाला अखंड दोरी मिळत नाही का, असे विचारतात. त्यांना आधी वाळूत बसवावे लागते. ही गोष्ट उभ्या उभ्या सांगायची नाही.

फार जुन्या काळी, असे सांगतात, शिरोण्यात मंडळ वगैरे काही नव्हते. ज्याची त्याची होडी आणि ज्याचे त्याचे तोंड. पावसाळ्यात होड्या माडाच्या झापांखाली ठेवायच्या, उलांड्या सोडून पडवीत टांगायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच नव्या काथ्याने बांधायच्या. रवळू तांडेल गावचा म्होरक्या होता. मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हते. पौर्णिमा आठ दिवसांवर असताना त्याने सगुण नावाच्या तरुणाला चारचौघांत हिणवले, की तुला वल्हे धरता येत नाही. सगुण तेवढ्यावर पेटला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने आपली लहान होडी बाहेर काढली, घरात होती नव्हती तेवढी जुनी दोरी उलांडीला गुंडाळली आणि एकटाच दर्यात गेला.

त्याची बायको द्वारकी किनाऱ्यावर उभी होती. पाऊस थांबला होता. ऊन पाणी घातलेल्या दुधासारखे पातळ होते, आणि दर्या कुठे संपतो नि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नव्हते. त्या पांढुरक्यात तिला सगुणची होडी तरंगताना दिसली, मग कुजकी दोरी तुटून उलांडी वेगळी जाताना दिसली. होडी कलंडली. आवाज काहीच आला नाही. तिला वाटले, आपण अजून अंथरुणातच आहोत. मग खाडीबाहेरच्या कासव नावाच्या खडकावर एक माणूस चढताना दिसला आणि ती भानावर आली. ओहोटी होती. भरती आली की कासव बुडतो, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होते.

ती धावत रवळूच्या अंगणात गेली. आठ वल्ह्यांची होडी त्याच्याकडेच होती.

"नारळ पडल्याबिगर होडी दर्यात जावची नाय," रवळू म्हणाला. "आणि बांधू कशान? नव्या दोरयेक अजून पीळ नाय."

दुसरे म्हणणे खरेच होते. द्वारकी वाद घालत बसली नाही, रडलीही नाही. ती शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माणूस नको माका. हातभर दोरी दी."

माणूस मागितले असते तर लोकांनी सबबी सांगितल्या असत्या. हातभर दोरीला कोण नाही म्हणणार? कुणी रहाटाची दोरी कापून दिली, कुणी गाईचे दावे. एका बाळंतिणीने बाळाला कडेवर घेतले आणि पाळण्याची दोरी सोडून दिली. गंमत अशी, की दोरी दिल्यावर कुणाला घरात बसवेना. आपल्या तुकड्याचे काय होते ते बघायला एकेक जण तिच्यामागून निघाला. ती किनाऱ्याशी पोहोचली तेव्हा मागे सगळा गाव होता, आणि रवळूची होडी त्याला न विचारताच पाण्याकडे सरकत होती.

पुढची दांडी बांधून झाली. मागच्या दांडीला वेढे बसले, पण शेवटची गाठ मारायला हातभर दोरी कमी पडली. परत जायला वेळ नव्हता, पाणी कासवाच्या पाठीला लागले होते. एकट्या रवळूच्या घराने दोरी दिली नव्हती. तो गर्दीतून पुढे आला, दांडीवर जाऊन बसला आणि दोरीचे टोक त्याने मुठीभोवती गुंडाळले. "चला," एवढेच म्हणाला.

त्या दिवशी गाठी गायल्या म्हणे. होडी लाटेवर चढली की प्रत्येक तुकडा आपापल्या घरचा आवाज काढी. दाव्यातून हंबरणे येई, रहाटाच्या दोरीतून कुरकुर, आणि पाळण्याच्या दोरीतून हलके हलके अंगाई. वल्ही मारणाऱ्यांना दर्यात आहोत असे वाटेचना. आपल्याच पाणंदीतून चालल्यासारखे ते चालले, आणि मोठमोठ्या लाटा खालून मुकाट निघून गेल्या. पुढे बसलेल्या द्वारकीला मात्र काहीच ऐकू येत नव्हते. ती फक्त सगुणकडे बघत होती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. गळ्याशी आले तेव्हा तिने त्याचे केस धरले आणि त्याला होडीत ओढले.

किनाऱ्याला लागल्यावर सगळे उतरले, रवळू उतरेना. दोरी तळहातात रुतली होती, मूठ उघडत नव्हती. सगुण थंडीने कुडकुडत त्याच्यासमोर पाण्यातच बसला आणि त्याचे एकेक बोट सोडवू लागला. सोडवता सोडवता त्याला रडू फुटले.

"दोरी सोडलात कशी नाय, तांडेलानू?"

"सोडली असती तर भांडाक माका कोण गावलो असतो रे?" रवळू म्हणाला.

त्या पौर्णिमेला त्याने आपली होडी गावाच्या हवाली केली. तेव्हापासून ती गावाची.

आजही नारळी पौर्णिमेच्या शर्यतीला शिरोण्याच्या होडीची शेवटची गाठ मारत नाहीत. टोक मुठीत धरून बसायचा मान, त्या वर्षी मंडळात ज्याचे कुणाशी वाजले असेल त्याचा. अशा मानकऱ्यांची गावात कधी वानवा पडलेली नाही. होडी बहुतेक वेळा शेवटून दुसरी येते, त्याचेही कुणाला फारसे वाटत नाही. ती किनाऱ्याला लागली की वाजंत्री थांबते. ज्याच्याशी भांडण असते तो पाण्यात उतरतो, टोक धरून बसलेल्या माणसासमोर बसतो आणि त्याची मूठ उघडतो. पुष्कळदा ती आधीच सैल झालेली असते. तरी पाचही बोटे एकेक करून सोडवावी लागतात.